बालवाडीतील कृतिखेळ : अंक आणि अक्षर

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना संख्या आणि लेखन-वाचन यांच्या वाटेवर आणण्यासाठी वस्तू हाताळून, बोलून आणि खेळून करवून घेतल्या जाणाऱ्या कृती. चिंचोके मोजणे, मणी ओवणे, खरखरीत अक्षरावरून बोट फिरवणे, शब्दाला टाळ्या देणे, आपल्या नावाची पट्टी ओळखणे हे सगळे यात मोडते. या कृतींना एक क्रम असतो : आधी वस्तू, मग तिच्याविषयीचे बोलणे आणि शेवटी अंक किंवा अक्षर. पाटी-पेन्सिल आधी आली, की मूल शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणते. पण सात चिंचोके मागितले तर मूठभर उचलून देते.

पूर्वपीठिका : जर्मनीत फ्रीडरिख फ्रोबेल यांनी १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी शाळा काढली आणि चेंडू व लाकडी ठोकळे यांचे टप्प्याटप्प्याने वाढत जाणारे संच तिथे वापरले. मारिया मॉंटेसरी यांचे पहिले बालगृह रोममधील सान लोरेंझो वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी उघडले. आजही वापरात असलेले बरेचसे साहित्य त्यांचे आहे : दहा सेंटीमीटरपासून एक मीटरपर्यंत वाढत जाणाऱ्या दहा संख्यादांड्या, पॉलिश पेपरची अक्षरे, सुटी अक्षरे, सोनेरी मणी. त्यांची चात्यांची पेटी विशेष पाहण्यासारखी आहे. तिच्यात शून्य ते नऊ असे दहा कप्पे आणि ४५ लाकडी चात्या असतात. मूल प्रत्येक कप्प्यात त्याच्या आकड्याइतक्या चात्या ठेवत जाते. नवाचा कप्पा भरला की हात रिकामे होतात आणि शून्याचा कप्पा तसाच मोकळा राहतो. ‘काही नाही’ यालाही एक अंक असतो, हे मुलाला त्या मोकळ्या कप्प्यातून दिसते.

भारतात गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी हा विचार मराठीत आणला आणि शहरातून खेड्यात नेला. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. वारली पाड्यांवरची मुले शाळेत येत नव्हती, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली; तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरल्या. आयात केलेल्या लाकडी पेट्या तिथे परवडणाऱ्या नव्हत्या आणि त्यांची गरजही नव्हती. खडे, बिया, शिंपले, पाने, काड्या हेच साहित्य झाले. प्रस्तुत विषयातील मराठी मुलखाची सर्वांत मोठी कमाई हीच म्हणावी लागेल. मॉंटेसरींच्या साहित्याचे तत्त्व ठेवून त्याची किंमत जवळजवळ शून्यावर आणता येते, हे या दोघींनी करून दाखवले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

संख्येचे खेळ : मोजणे ही एक कृती दिसते, पण तिच्यात अनेक कौशल्ये दडलेली असतात. रॉचेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टल यांनी १९७८ साली मोजण्याची पाच तत्त्वे मांडली. त्यांतली तीन बालवाडीताईच्या रोजच्या कामाची आहेत : एका वस्तूला एकच संख्यानाम द्यायचे, संख्यानामांचा क्रम बदलायचा नाही आणि शेवटी उच्चारलेली संख्या ही सगळ्यांची मिळून असते. चार वर्षांचे मूल सहा चिंचोके मोजताना पाहावे. बोट एका वेगाने पुढे सरकते, तोंड दुसऱ्या वेगाने चालते आणि सहा चिंचोक्यांचे आठ होतात. अशा वेळी ‘चुकलं’ म्हणून काहीच साधत नाही. प्रत्येक चिंचोका उचलून वाटीत टाकायला सांगितले, की टाकल्याचा आवाज होईपर्यंत तोंडाला थांबावे लागते आणि मोजणी आपोआप जुळते. मग ‘वाटीत किती?’ असे विचारावे. मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले, तर शेवटची संख्या म्हणजे सगळे मिळून, हे त्याला अजून उमगलेले नाही असे समजावे.

ज्यां पियाजे यांनी दाखवलेली गोष्ट कोणत्याही बालवाडीत करून पाहता येते. पाच-पाच खड्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडून मुलाच्या देखत एक रांग पसरवली, की बरीच मुले पसरलेल्या रांगेत जास्त खडे आहेत असे सांगतात. हे समजावून सांगून पटत नाही. खाऊच्या वेळी प्रत्येकासमोर एक ताटली, प्रत्येक ताटलीत एक लाडू अशी वाटणी रोज एकेका मुलाने करावी. एकास एक संगती हातात मुरते आणि हळूहळू पसरलेली रांग मुलाला फसवेनाशी होते.

मोजण्याआधी आणि मोजण्याबरोबर वर्गीकरण, क्रम लावणे आणि आकृतिबंध यांचे खेळ चालतात. बटणे आधी रंगाने, मग भोकांच्या संख्येने वेगळी करणे. डबे चढत्या क्रमाने लावणे. झेंडू, आंब्याचे पान, झेंडू, आंब्याचे पान असे तोरण ओवताना पुढे काय येईल ते सांगणे. ‘एकी की बेकी’ हा मुठीतल्या चिंचोक्यांचा जुना खेळ मोठ्या गटाला सम-विषमापर्यंत नेतो. सरळ रेषेत एक ते दहा घरे आखून फाशाने सोंगटी पुढे नेण्याचा खेळ फार साधा, पण गुणकारी आहे. गीता रमणी आणि रॉबर्ट सिग्लर यांनी २००८ साली अमेरिकेतील गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांवर असाच खेळ तपासला, तेव्हा थोड्याशा खेळानेही त्यांची संख्यांची समज वाढलेली दिसली. मात्र घर ओलांडताना त्याचा आकडा मोठ्याने म्हणायला हवा.

दहाच्या पुढे मराठीची स्वतःची अडचण उभी राहते. अकरा, बारा यांत दहा ऐकू येत नाही. एकवीसमध्ये एक आधी आणि वीस नंतर. एकोणतीस तर पुढच्या दशकाचे नाव घेऊन येते. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे काड्यांचे जुडगे : दहा काड्या झाल्या की रबर लावायचे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशा वाचनाची जोड आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांच्या सोयीची बाजू मांडली. बालवाडीत हा प्रश्न फक्त दारात येऊन थांबतो. इथे दहापर्यंत पक्के व्हावे, वीसपर्यंतची तोंडओळख व्हावी, एवढे पुरे. अंकलेखनात मात्र ३ आणि ६ यांवर लक्ष ठेवावे लागते, कारण ते एकमेकांचे आरशातले रूप वाटतात.

भाषेचे खेळ : वाचनाची सुरुवात कानापासून होते. ‘भा-क-री’ला तीन टाळ्या, ‘पो-ळी’ला दोन, ‘म’ने सुरू होणाऱ्या वस्तू शोधून टोपलीत टाकणे, शब्दाच्या शेवटच्या अक्षराने पुढचा शब्द सुरू करणे. शेवटच्या खेळात ‘केळ’ किंवा ‘कोण’ आले की गाडी अडते, कारण ‘ळ’ आणि ‘ण’ यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत. म्हणून तक्त्यांवर ‘बाणाचा ण’ दिसतो. ‘च’ आणि ‘ज’ यांचे प्रत्येकी दोन उच्चार आहेत : चाक आणि चहा, जांभूळ आणि जीभ. एकाच टोपलीत ही चित्रे आली तर कान तयार असलेले मूल चाक बाजूला काढून ठेवते. ते मूल बरोबर असते. ताईने सुरुवातीला एकाच उच्चाराची चित्रे निवडावीत.

अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने न देता हाताच्या वळणाने आणि शब्द तयार करण्याच्या सोयीने गटागटाने द्यायची पद्धत आता रुळली आहे; ‘ग म भ न’ हा तिचा सर्वांना ठाऊक असलेला गट. पहिले वाचन बहुधा स्वतःच्या नावाचे असते. सकाळी आल्यावर आपल्या नावाची पट्टी शोधून हजेरीच्या खिशात घालायची, ही मिनिटभराची कृती वर्षभरात फार मोठे काम करते. समीर आणि समीक्षा एकाच वर्गात असतील तर आणखी उत्तम. दोघांनाही पट्टीच्या शेवटापर्यंत नजर न्यावी लागते.

लिहिण्याआधी बोटांना बळ हवे. या वयात मनगटाची हाडे अजून पूर्ण टणक झालेली नसतात, म्हणून कणीक मळणे, कागद फाडणे, वाल सोलणे, मणी ओवणे ही लेखनाचीच तयारी समजावी. ताटलीत रेती किंवा रांगोळी पसरून बोटाने अक्षर काढणे म्हणजे पंतोजींच्या शाळेतील धुळाक्षरांचाच सुधारलेला अवतार. चुकले तर ताटली हलवली की पुसले जाते. चार वर्षांच्या मुलाकडून वहीच्या ओळी भरून घेण्याची सध्याची घाई त्याच्या हातावर आणि मनावर अन्याय करणारी आहे, असे येथे स्पष्ट नोंदवले पाहिजे. पालक वही मागतात हे खरे. त्यांना वर्गात बोलावून एक सकाळ हे खेळ दाखवणे हा अनेक ताईंचा मार्ग आहे.

वारली, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या घरांतील मुलांसाठी या खेळांतले बोलणे त्यांच्या भाषेतच सुरू व्हावे लागते. चिंचोके मराठीत मोजण्याचा आग्रह धरला, तर मूल मोजते आहे की नवे शब्द आठवते आहे, हे ताईलाही कळत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ ही वर्षे एका पायाभूत टप्प्यात घातली आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने खेळ हीच या टप्प्याची मुख्य पद्धत मानली. २०२३ साली ‘जादुई पिटारा’ हा साहित्यसंचही आला. मात्र पेटी कपाटात कुलपात राहिली तर तिचा उपयोग नाही, आणि तुकडे हरवतील या भीतीने ती तशीच राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत.

साहित्याची निवड : वस्तू स्वच्छ, न टोचणारी आणि मुलाच्या मुठीत मावणारी असावी. तीन वर्षांच्या आतील भावंडे वर्गात येत असतील तर चिंचोके आणि मणी यांऐवजी मोठी बुचे किंवा शेंगांची टरफले घ्यावीत. बारीक वस्तू नाका-कानात जातात. गुंजांचा लाल-काळा रंग मुलांना भुरळ घालतो, पण चावलेली गुंज अतिशय विषारी असते. एरंडाचे बीही तसेच. या दोन बिया बालवाडीच्या डब्यात कधीही नसावीत. साहित्य मुलांच्या उंचीच्या फळीवर, उघड्या टोपल्यांत ठेवावे आणि प्रत्येक टोपलीवर आतल्या वस्तूचे चित्र व नाव असावे, म्हणजे खेळ आवरतानाही वर्गीकरण आणि वाचन चालू राहते.