नंदी मागे का बसला? विद्यार्थ्यांच्या म्युझिक व्हिडिओतील रूढ संकेत आणि दृश्यप्रतीके

हिंगोली, प्रतिनिधी - शंकराच्या देवळात नंदी गाभाऱ्यासमोर, देवाकडे तोंड करून बसलेला असतो. हा संकेत इतका रूढ आहे की त्याकडे कोणाचे वेगळे लक्ष जात नाही. औंढा नागनाथला मात्र नंदी देवळाच्या मागच्या बाजूस आहे आणि प्रथमच आलेला भाविक तेथे हमखास थबकतो. मग त्याला कथा सांगितली जाते. नामदेव महाराज मंदिरासमोर कीर्तन करीत होते. त्यांना तेथून उठवून मागे जाण्यास सांगण्यात आले. ते मागे जाऊन कीर्तनास उभे राहताच देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी तेवढा होता तेथेच राहिला. कथेच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न येथे गौण आहे. कोणाला पुढे उभे राहू द्यायचे आणि कोणाला मागे धाडायचे, यावरचे एक तिखट भाष्य केवळ जागा बदललेल्या एका मूर्तीने पिढ्यान्‌पिढ्या लोकांपर्यंत पोहोचविले आहे.

हिंगोली जिल्ह्यातील जे विद्यार्थी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर गाण्याचा व्हिडिओ करू पाहतात, त्यांच्यासाठी दृश्यप्रतीकाचा पहिला धडा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. प्रतीक आकाशातून पडत नाही. आधी प्रेक्षकाला ठाऊक असलेला संकेत असावा लागतो. तो एकाच ठिकाणी, हेतुपुरस्सर मोडला की अर्थ उमटतो. सारे संकेत पाळले तर नक्कल होते. सारे मोडले तर गोंधळ होतो.

प्रकाराचा करार

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात हिंगोली जिल्हा येतो. या विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल आहे. माध्यमांच्या अभ्यासक्रमात म्युझिक व्हिडिओचे ढोबळमानाने तीन भाग पाडले जातात: गायक-वादकांचे सादरीकरण दाखविणारा, गोष्ट सांगणारा आणि केवळ एखाद्या कल्पनेवर उभा असलेला. प्रत्यक्षात बहुतेक व्हिडिओ या तिन्हींची सरमिसळ असतात. त्याहून महत्त्वाचा ठरतो तो गाण्याचा प्रकार, ज्याला आता मराठीतही सर्रास 'जॉनर' म्हटले जाते. रॅप म्हटले की जमिनीलगतचा कॅमेरा, गायकाच्या मागे उभी मित्रांची फळी, रंगविलेली भिंत आणि थेट कॅमेऱ्यात रोखलेली नजर. लावणी म्हटली की नऊवारी, घुंगरांचा जवळून घेतलेला शॉट, ढोलकीवाल्याशी चाललेली जुगलबंदी. भजन म्हटले की टाळ, वीणा, गोपीचंदनाचा टिळा आणि डोलणारी ओळ. प्रेमगीत म्हटले की पाऊस, सायकल आणि संथ गतीने उडणारी ओढणी.

हा प्रेक्षकाशी केलेला एक करार असतो. पहिल्या दहा सेकंदांत आपण काय पाहणार आहोत हे त्याला कळते आणि तो स्थिरावतो. मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' हा १९८३ सालचा व्हिडिओ याचे गाजलेले उदाहरण होय. जॉन लँडिस या चित्रपट दिग्दर्शकाने तो सुमारे चौदा मिनिटांचा केला आणि त्यात भयपटाचे सगळे संकेत वापरले: पौर्णिमेचा चंद्र, निर्जन रस्ता, थडग्यांतून उठणारी प्रेते. मात्र ती प्रेते माणसाचा पाठलाग करता करता रांगेत उभी राहून नाचू लागतात. भयपटाचा करार नेमका तेथे मोडला आणि ते नृत्य अजरामर झाले.

साधनांची सबब येथे फारशी चालत नाही. मुंबईच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये 'आफत' हा आपला व्हिडिओ आयपॅडवर चित्रित केला होता आणि त्याच्यामुळेच तो सर्वांच्या नजरेत आला. त्याची वस्ती, त्याची भाषा, त्याचा वेग हेच त्याचे भांडवल होते. मात्र त्यानंतर राज्यभर जी लाट आली, तीत ज्या गावात मुंबईसारखी गल्लीच नाही, तेथेही मुंबईची गल्ली उभी करण्याचा अट्टहास दिसू लागला. कयाधूच्या वाळूत उभे राहून धारावीचा आव आणण्यात काय साधते, हे समजणे कठीण आहे.

एका विद्यार्थ्याची वाटचाल

नागराज मंजुळे यांचा प्रवास या संदर्भात अभ्यासण्यासारखा आहे. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुका हे त्यांचे मूळ क्षेत्र. अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे संज्ञापनाचा अभ्यासक्रम करीत असताना त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. त्यानंतर २०१३ मध्ये 'फँड्री' आला. त्यातील जब्या हा मुलगा एका काळ्या चिमणीच्या मागे असतो. ती जाळून तिची राख शालूवर टाकली की ती आपल्यावर भाळेल, अशी त्याची समजूत असते. शाळकरी प्रेमकथेच्या संकेतात ही चिमणी अगदी चपखल बसते. पण त्याच चित्रपटात दुसरा प्राणी आहे तो डुक्कर, आणि तो त्या प्रेमकथेत कोठेच बसत नाही. चिमणी हाती लागत नाही, डुक्कर मात्र पकडावेच लागते. मेलेले डुक्कर काठीला बांधून नेत असताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांच्यासारख्यांची चित्रे दिसतात. संवाद एकही नाही. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो, म्हणजे प्रेक्षकाच्या. प्रेक्षक सुरक्षित अंधारात बसलेला असतो हा चित्रपटाचा सर्वांत जुना संकेत. दगड तोच फोडतो.

(एक गंमत जाता जाता. जब्याच्या वडिलांची भूमिका करणारे किशोर कदम म्हणजेच कवी सौमित्र. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'गारवा' या अल्बममधून मराठी तरुणाईला पाऊस आणि प्रेम यांचे समीकरण ज्यांनी घट्ट करून दिले, तेच हे. संकेत घडविणारा आणि तो मोडणाऱ्या कलाकृतीत उभा राहणारा माणूस एकच.)

'सैराट'मध्ये (२०१६) तर मंजुळे यांनी गाण्यांच्या संकेतांचाच सापळा लावला आहे. अजय-अतुल यांनी या चित्रपटासाठी हॉलिवूडमधील सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहात पाश्चात्त्य वाद्यवृंद वाजवून घेतला. विहीर, ऊस, केळीची बाग, संथ गती, भव्य व्हायोलिने: हिंदी-मराठी प्रेमगीताने जे जे दिले ते सगळे येथे करमाळ्याच्या मातीत उतरले आहे. चारही गाणी पूर्वार्धात येतात. प्रेमी जोडपे घर सोडून हैदराबादला पोहोचल्यावर गाणे संपते ते कायमचे. शेवटी लहान मूल रक्ताळलेली पावले उमटवीत घराबाहेर येते, तेव्हा आवाजही काढून घेतलेला आहे. पूर्वार्धात प्रेक्षकाला संगीताची इतकी सवय लावली नसती, तर ही शांतता अशी अंगावर आली नसती. हे तंत्र मराठीला नवे नाही. व्ही. शांताराम यांनी १९३७ मध्ये 'कुंकू' करताना पार्श्वसंगीत पूर्णपणे वगळले होते. घरातले नैसर्गिक आवाज तेवढे ठेवले होते.

हळदीचे दोन रंग

हिंगोली जिल्ह्यातील विद्यार्थ्याने प्रतीक निवडायचे ठरविले तर सर्वांत आधी हळद सुचेल, आणि ते योग्यच आहे. हिंगोली आणि वसमत या राज्यातील नावाजलेल्या हळद बाजारपेठा असून वसमत येथे हळद संशोधन केंद्रही उभे राहिले आहे. तथापि येथेच सर्वांत मोठा धोका आहे. 'हळदीचे गाणे' हा आता स्वतंत्र प्रकारच झाला आहे. पिवळे कपडे, झेंडूच्या माळा, गालाला फासलेली हळद, हसणाऱ्या करवल्या. हे सगळे पुण्यात चित्रित करता येते, लुधियानातही करता येते. मग त्यात हिंगोली कोठे?

हिंगोलीची हळद शेतातून येते. उन्हाळ्याच्या अखेरीस लागवड, सुमारे नऊ महिने जमिनीत, मग पाला कापून काढणी, कंद शिजविणे, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळविणे आणि शेवटी ड्रममध्ये घालून पॉलिश. वाळवणावर पसरलेली हळद लग्नातल्यासारखी झळझळीत पिवळी नसते. ती मातकट, तपकिरी, खरबरीत असते. पॉलिश झाल्यावर तिच्यावर तेज येते. हा तपशील ज्याला ठाऊक आहे त्याच्या हाती एक फार मोलाची गोष्ट आहे. नवरीच्या हातावरील पिवळा रंग आणि काढणीला आलेल्या मजूर बाईच्या नखांत बसलेला पिवळा रंग लागोपाठ दोन शॉटमध्ये दाखविला, तर लग्नाच्या गाण्याचा करार तेथेच मोडतो. बाजारात भाव काय लागतो यावर घरातले लग्न ठरते, हे सांगायला मग शब्द लागत नाहीत.

हळदीला आणखी एक बाजू आहे. हळदीकुंकवाच्या समारंभातून विधवेला वगळले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरविण्याचे आवाहन केले. म्हणजे ज्या प्रतीकाला आपण 'मंगल' म्हणून वापरतो, त्याचा अर्थ समाजात या क्षणीही बदलतो आहे. व्हिडिओत हळद उधळण्यापूर्वी ती कोणाच्या अंगावर पडत नाही, हे पाहिलेले बरे.

प्रतीक एकदाच दाखवून भागत नाही. ते गाण्यात किमान तीनदा यावे आणि दर वेळी काही तरी बदललेले असावे. औंढ्याचीच दुसरी कथा पाहावी: पिंडीवर पाय ठेवून झोपलेल्या विसोबा खेचरांचे पाय नामदेव बाजूला करतात, तर ठेवतील तेथे पिंडी उभी राहते. चित्र तेच, जागा नवी. ही पटकथेचीच युक्ती आहे.

भेगाळलेली जमीन आणि दोर

मराठवाड्यावरील व्हिडिओ म्हटला की काही चित्रे ठरलेली असतात: भेगा पडलेली जमीन, कपाळावर हात ठेवून आभाळाकडे पाहणारा म्हातारा, झाडाला लटकणारा दोर. कधी काळी या चित्रांनी लोकांना हलविले असेल. आता ती इतकी वापरली गेली आहेत की महानगरातला प्रेक्षक ती पाहून क्षणभर हळहळतो आणि पुढे जातो. गावातला प्रेक्षक मात्र पुढे जाऊ शकत नाही. ज्या घरात अशी घटना घडली आहे त्या घरातली मुलगी त्याच वर्गात बसलेली असण्याची शक्यता या जिल्ह्यात कल्पनेतली नाही. आत्महत्येचे साधन वा पद्धत दाखवू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची माध्यमांसाठीची मार्गदर्शक सूचनाही आहे. कलेच्या दृष्टीनेही दोर हे दुबळे प्रतीक आहे, कारण ते स्वतःच निष्कर्ष सांगून टाकते. प्रेक्षकाला जोडण्यासारखे काही उरत नाही. विजेची वाट पाहत गप्प पडलेला मोटारीचा स्टार्टर, उशाखालचे बँकेचे पासबुक, न वापरलेली नवी वही यांत कितीतरी अधिक बोलण्याची ताकद आहे.

हिशेब तालाचा

प्रतीकांइतकेच महत्त्व गणिताला. मिनिटाला ९६ ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका ०.६२५ सेकंदाचा होतो. आठ मात्रांच्या भजनी ठेक्याचे एक आवर्तन बरोबर पाच सेकंदांत पूर्ण होते. चार मिनिटांच्या गाण्यात अशी ४८ आवर्तने बसतात. म्हणजे प्रत्येक समेवर शॉट बदलायचा तर ४८ शॉट हवेत. हा तक्ता आधी कागदावर मांडला तर प्रतीकाच्या तीन जागाही तेथेच ठरविता येतात. प्रत्येक ठोक्यावर तोडणे टाळावे. रॅपमध्ये ते खपते, अभंगात डोळ्याला बोचते.

संथ गतीत ओठ गाण्याशी जुळवायचे असतील तर एक जुनी क्लृप्ती आहे. चित्रीकरणाच्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवावे, गायकाने त्या वेगाने ओठ हलवावेत आणि कॅमेरा सेकंदाला ५० चौकटींवर ठेवावा. नंतर ते २५ चौकटींनी दाखविले की शरीर संथ हलते आणि ओठ मात्र मूळ गाण्याशी तंतोतंत जुळतात.

हक्कांची बाब थोडक्यात. भारतीय कायद्यानुसार कवी वा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या रचनेवर स्वामित्वहक्क राहतो. नामदेवांचा अभंग घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही. पण विसाव्या शतकातील संगीतकाराने त्याला दिलेली चाल आणि नामवंत गायकाची ध्वनिफीत यांचे हक्क वेगळे असतात. वर्गात दाखविणे निराळे आणि इंटरनेटवर चढविणे निराळे, हा फरक अनेकांना व्हिडिओ काढून टाकला गेल्यावर कळतो. त्यापेक्षा गावातल्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चाल गाऊन घ्यावी आणि त्यांची संमती लेखी ठेवावी. बाजार समितीत किंवा शेतात ज्यांचे चेहरे जवळून दिसणार आहेत, त्यांनाही आधी विचारावे. मजुरीवर आलेल्या बायकांना तर हमखास, कारण कॅमेऱ्यासमोरून उठून जाण्याची मोकळीक त्यांना नसते.

संकलन संपल्यावर आवाज पूर्ण बंद करून व्हिडिओ एखाद्या अपरिचित व्यक्तीस दाखवावा आणि काय पाहिले एवढेच विचारावे. हळद तिला तीनदा दिसली पाहिजे. तिसऱ्यांदा दिसली तेव्हा ती वेगळी होती, हेही तिने आपणहून सांगितले पाहिजे. ज्यांना वाळवणाचे खरे रंग टिपायचे आहेत, त्यांनी काढणी आणि परीक्षा एकाच सुमारास येतात हे ध्यानात ठेवावे. फेब्रुवारी-मार्च उलटला की खळी रिकामी होतात आणि ती पुन्हा भरायला वर्ष लागते.