लहान जहाजांचा धंदा



जहाजांचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे ऐकणाराच्या डोळ्यांपुढें आरमारें आणि लढाया उभ्या राहतात. मीं जन्मभर शाळेंत मुलांना इतिहास शिकविला तोही बहुतेक याच धाटणीचा. आज मात्र ज्या जहाजांविषयीं बोलावयाचें आहे तीं पाण्यांत कधीं उतरलींच नाहींत. दोन वीत, फार तर दोन हात लांबीचीं, कांचेच्या पेटींत किंवा दिवाणखान्यांतील फळीवर ठेवावयाचीं हीं जहाजें. त्यांवर पोट भरणाऱ्या लोकांच्या हकीकतींत एक प्रश्न सारखा डोकावतो : या धंद्यांत खरी विकली जाणारी वस्तु कोणती? लांकूड, मजुरी, कीं आणखी कांहीं?

इंग्लंडांत पीटरबरो नांवाच्या गांवाजवळ नॉर्मन क्रॉस म्हणून एक जागा आहे. फ्रान्सशीं चाललेल्या युद्धांत पकडलेल्या खलाशांना ठेवावें कोठें, हा इंग्रज सरकारपुढें मोठा पेंच पडला होता. तेव्हां येथें घाईघाईनें लांकडी बराकी उभारून १७९७ सालीं त्यांत कैदी आणण्यास आरंभ झाला. केवळ युद्धकैद्यांसाठीं मुद्दाम बांधलेली जगांतील पहिली छावणी म्हणून तिचा उल्लेख करतात. एका वेळीं पांचसहा हजार माणसें तेथें कोंडलेलीं असत. १८१४ पर्यंत छावणी चालली. तेवढ्या काळांत सुमारें १,७७० कैदी तेथेंच मरण पावले, त्यांतले पुष्कळ १८००-१८०१ च्या तापाच्या सांथींत.

वर्षानुवर्षें हाताला काम नाहीं, गांठीला पैसा नाहीं, आणि सुटकेचा दिवस कोणास ठाऊक नाहीं. अशा स्थितींत माणसानें काय करावें? फ्रेंच आरमारांत सक्तीनें भरती झालेले नाना धंद्यांचे कारागीर या कैद्यांत होते. शिध्यांत जें मांस मिळे त्याचीं हाडें उरत. तीं उकळून, स्वच्छ करून, घासून त्यांच्या पातळ पट्ट्या काढावयाच्या. आंत लांकडाचा गाभा घेऊन त्यावर त्या पट्ट्या बारीक खिळ्यांनीं एकीशेजारीं एक बसवावयाच्या, थेट मोठ्या जहाजाच्या फळ्या बसवितात तशा. दोरखंडासाठीं सूत, रेशीम, प्रसंगीं माणसाचे केससुद्धां. कांहीं नमुन्यांना बाहेर एक दोरी ठेवलेली असते. ती ओढली कीं साऱ्या तोफा आंत जातात आणि सोडली कीं पुन्हां तोंड बाहेर काढतात. एकानें तोफा कराव्या, दुसऱ्यानें डोलकाठ्या, तिसऱ्यानें दोर ओंवावे, अशी कामाची वांटणीही होत असे, असें जाणकार मानतात.

छावणीच्या दरवाजाशीं बाजार भरे. आसपासचे लोक तेथें भाजीपाला विकावयास येत आणि कैदी आपल्या हातचा माल मांडीत. येथें एक गंमत लक्षांत घेण्यासारखी आहे. कैदी गव्हाच्या काडाच्या वेण्याही वळीत. टोप्यांसाठीं त्यांना मोठी मागणी होती. पण त्या वेण्यांवर सरकारनें बंदी घातली, कारण त्या भागांतील गरीब स्त्रिया आणि मुलें त्याच कामावर पोट भरीत आणि कैद्यांचा माल त्यांच्याहून स्वस्त पडे. चोरून वेण्यांचा व्यापार चालला तो चाललाच. जहाजांच्या नमुन्यांवर मात्र अशी गदा आली नाहीं. याचें कारण उघड दिसतें : ते करून जगणारा वर्ग त्या गांवांत नव्हताच. कोणाच्या ताटांतला घांस न घेतां चालणारा धंदा कैद्यांना सांपडला होता. कोणत्याही लहान धंद्यास याहून अधिक सुरक्षित जागा मिळत नाहीं.

या नमुन्यांत एक उणीव आहे. कैद्यांजवळ आराखडे नव्हते. सारें काम आठवणीवरून. म्हणून जहाजाच्या मानानें डोलकाठ्या उंच, तोफा मोठ्या, नक्षी भरमसाट. खरें कोणतें जहाज हें म्हणून विचारूं नये. गिऱ्हाइकाला जें नांव प्रिय तें मागल्या बाजूस कोरलेलें असे, मग तें शत्रूच्या जहाजाचें कां असेना! आज हीं हाडाचीं जहाजें मोठ्या किमतीस जातात आणि पीटरबरोच्या संग्रहालयांत नॉर्मन क्रॉसच्या कामाचा मोठा संग्रह आहे. ज्यांनीं तीं केलीं त्यांतील बहुतेकांचीं नांवें मात्र कोणास माहीत नाहींत. १९१४ सालीं तेथें एक स्तंभ उभारून त्यावर ब्राँझचा गरुड बसविला. तो १९९० मध्यें चोरीस गेला, २००५ मध्यें नवा बसविला.

आतां आराखड्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या मुंबईची एक गोष्ट सांगतों. फ्रेंचांचें 'एबे' नांवाचें लढाऊ जहाज इंग्रजांनीं १७८२ सालीं पकडलें. तें इतकें घाटदार होतें कीं त्याचीं मापें घेऊन इंग्रजांनीं त्याच आकाराचीं कित्येक जहाजें बांधलीं. त्यांतलेंच एक मुंबईच्या गोदींत सागाच्या लांकडांत बांधावयाचें ठरलें आणि त्याचे आराखडे 'जावा' नांवाच्या जहाजावरून मुंबईस रवाना झाले. १८१२ च्या डिसेंबरांत, २९ तारखेस, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' जहाजानें 'जावा'ला गांठलें, लढाईंत जिंकलें आणि मग जाळून टाकलें. आराखडे गेले. दुसरे येईपर्यंत मुंबईच्या वाडिया कारागिरांना थांबावें लागलें. अखेर जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं तें जहाज पुरें होऊन १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत उतरलें. तेंच 'ट्रिंकोमाली'. आज तें इंग्लंडांत हार्टलपूल येथें जतन केलेलें आहे. जातां जातां सांगतों, 'जावा'वर मुंबईस निघालेला सेनापति हिस्लॉप अमेरिकनांच्या हातीं सांपडला आणि सुटला. 'ट्रिंकोमाली' पाण्यांत उतरल्यावर दोनच महिन्यांनीं महिदपूरच्या लढाईंत होळकरांपुढें उभा राहिला तो हाच. आणि 'कॉन्स्टिट्यूशन'? तें बोस्टनच्या धक्क्यावर अद्याप उभें आहे, आणि जगांत ज्या जहाजांचे नमुने हौसेनें सर्वांत अधिक केले जातात त्यांत त्याची गणना होते.

हे हौशी नमुने बहुधा पेटींतून येतात. पेटींतून म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यूयॉर्कमध्यें होरेस बाउचर नांवाच्या गृहस्थानें नमुने करण्याचा कारखाना काढला. तयार नमुना घेणारा श्रीमंत गिऱ्हाईक थोडा. पहिल्या महायुद्धानंतर शिडाचीं जहाजें समुद्रावरून दिसेनाशीं होत चाललीं, आणि जें दिसेनासें होतें त्याचा लोकांना लळा लागतो. कॅप्टन आर्मिटेज मॅकॅन या दर्यावर्दी लेखकानें १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकन मासिकांतून जहाजाचे नमुने घरीं कसे करावे हें आराखड्यांसह समजावून दिलें. कारकून, शिक्षक, डॉक्टर रात्रीं दिव्याजवळ बसून लांकूड तासूं लागले. मग दुकानदाराच्या लक्षांत आलें कीं अर्धवट तासलेला लांकडाचा ठोकळा, डोलकाठ्यांच्या काड्या, सुताचीं गुंडाळीं, ओतीव तोफा आणि आराखडा एका पेटींत घालून विकतां येतील. मजुरी गिऱ्हाइकाची! अपुरी वस्तु विकून गिऱ्हाइकाला समाधान देणारा असा व्यापार माझ्या माहितींत दुसरा नाहीं.

पण हा धंदा वाटतो तितका सोपा नाहीं. एका पेटींत शेंकडों बारीक जिनसा. त्यांतली एक कमी पडली तरी तक्रार आलीच. १९४६ सालीं न्यू जर्सींत सॅम मिलोन आणि जॉन शेड या दोघांनीं 'मॉडेल शिपवेज' नांवाचा लहानसा कारखाना काढला आणि त्याचें नांव झालें तें मुख्यतः आराखड्यांच्या चोखपणामुळें. आराखडा मिळावयास आधीं कोणीतरी मापें घेतलेलीं असावीं लागतात. १९३६-३७ च्या बेकारींत अमेरिकन सरकारनें रिकाम्या बसलेल्या जहाजकारागिरांना व आरेखकांना किनाऱ्यावर कुजत पडलेल्या जुन्या व्यापारी जहाजांचीं मापें घेण्याच्या कामास लावलें. ते कागद स्मिथसोनियन संस्थेंत जतन झाले आणि नमुने करणाऱ्यांस त्यांच्या प्रती मिळूं लागल्या. बेकारांना दिलेलें काम इतकें टिकाऊ क्वचितच ठरतें.

साहित्यांत एक छुपा शत्रु निघाला, तो शिसें. जुन्या पेट्यांतून तोफा, नांगर वगैरे शिशाचे ओतलेले असत. लांकडांतून, विशेषतः ओकच्या लांकडांतून, सिरक्यासारखी आंबट वाफ सुटते. कांचेची पेटी घट्ट बंद असली म्हणजे ती वाफ आंतच कोंडते आणि कांहीं वर्षांत शिशाची पांढरी भुकटी होते. सफेदा करण्याची जुनी रीत हीच! हौसेनें पिढ्यांसाठीं ठेवलेल्या जहाजाच्या तोफा हात लावतांच चुरा होऊं लागल्या, तेव्हां कारखानदार कथलांत अँटिमनी व तांबें मिसळलेल्या धातूकडे वळले.

१९५३ मध्यें रेव्हेल कंपनीनें 'मिसूरी' या युद्धनौकेची प्लास्टिकची पेटी काढली आणि स्वस्त मालाचा पूर आला. त्यांत लांकडाचे कित्येक लहान धंदे बुडाले. तरले ते युरोपांत : इटलींत, आणि डेन्मार्कमध्यें १९५८ सालीं निघालेला 'बिलिंग बोट्स' हा कारखाना. त्यांनीं ठोकळा सोडून कणा, बरगड्या आणि वर पातळ पट्ट्या, असा खऱ्या जहाजाचा क्रम पेटींत आणला. कण्याला आमचे कोंकणांतील सुतार पठाण म्हणतात. पुढें प्रकाशकिरणानें लांकूड कापणारीं यंत्रें आलीं आणि दोघातिघांनीं घरच्या घरीं पेट्या काढणें पुन्हां शक्य झालें. त्याबरोबर चोरीही सोपी झाली. एकानें दोनतीन वर्षें दप्तरें चाळून आराखडा बसवावा आणि दुसऱ्यानें एक पेटी विकत घेऊन महिन्याभरांत तिची नक्कल निम्म्या किमतीस बाजारांत आणावी, असे प्रकार घडले. अशा नकली पेटीवर केलेला नमुना आपल्यांत दाखवूं द्यावयाचा नाहीं, असा नियम कांहीं हौशी मंडळ्यांनीं केला. मला तो योग्य वाटतो. इंग्रजांनीं 'एबे'चीं मापें घेतलीं तीं निदान लढून!

आतां आपल्याकडील कोणी हा धंदा करूं म्हणेल तर? कान्होजी आंग्र्यांचा गुराब करावा असें कोणाच्याही मनांत प्रथम येईल. परंतु आमच्या किनाऱ्यावरील सुतार कागदावर न काढतां, नजरेच्या अंदाजानें आणि बापापासून मुलाला मिळालेल्या मापांवर गलबत बांधीत. गुराबाचा आराखडा आणावा कोठून? चित्रांवरून अंदाजानें केला तर नॉर्मन क्रॉसच्या जहाजांसारखाच उंच डोलकाठ्यांचा होईल. फत्तेमारीचें तसें नाहीं. त्रिंकोमाली येथील सरकारी गोदींतला जहाजबांधणीचा प्रमुख जॉन एडी यानें १८३४ सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत या किनाऱ्यावरील नौकांचीं वर्णनें व आकृति दिल्या आहेत, त्यांत फत्तेमारी आहे. त्याच सुमारास फ्रेंच आरमारांतील तरुण अधिकारी पारिस हा सफरींत बंदरोबंदरीं उतरून देशी नौकांचीं मापें घेत होता. त्याचा ग्रंथ १८४३ च्या सुमारास निघाला. म्हातारपणीं लूव्हरमधील नाविक संग्रहालयाचा तो प्रमुख झाला, तेव्हां त्यानें आपल्याच आराखड्यांवरून नौकांचे लांकडी नमुने करवून घेतले. ते आज पॅरिसच्या नाविक संग्रहालयाच्या संग्रहांत आहेत.