डिजिटल पियानोला टचस्क्रीन मॉनिटर जोडायचाय? आधी या वायरी समजून घ्या

डिजिटल पियानो घरात आला की सुरुवातीचे काही महिने मजेत जातात. मग पसारा वाढायला लागतो. नोटेशनची पीडीएफ मोबाइलच्या एवढ्याशा स्क्रीनवर वाचता येत नाही. लॅपटॉप पियानोवर ठेवावा तर तो कधी घसरेल याचा नेम नसतो. माउससाठी दर दोन मिनिटांनी बाजूच्या स्टुलाकडे वळावं लागतं. अशा वेळी पियानोसमोर एक मोठी टचस्क्रीन लावावी, बोटानेच पान उलटावं, बोटानेच आवाज बदलावा, असा विचार मनात येतो. रील्समध्ये असे सेटअप दिसतातही झकास.

पण ऑनलाइन ऑर्डर केलेली स्क्रीन घरी आल्यावर अनेकांची पंचाईत होते. कधी चित्र दिसतं पण टच चालत नाही. कधी टच चालतो, पण भलत्याच स्क्रीनवर. कधी सगळं चालतं, पण पट्टी दाबल्यावर सूर उशिरा येतो आणि खापर नव्या स्क्रीनवर फुटतं. यातल्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच आहे. टचस्क्रीन मॉनिटर पियानोला जोडला जात नाही, तो कॉम्प्युटरला जोडला जातो. हे एकदा समजलं की काय घ्यायचं आणि काय नाही, हे ठरवणं सोपं होतं.

मुळात जोडणी कशी असते?

या सेटअपमध्ये तीन वस्तू असतात : पियानो, कॉम्प्युटर आणि स्क्रीन. मधोमध असतो कॉम्प्युटर. पियानोकडून त्याच्याकडे एक यूएसबी केबल येते आणि कॉम्प्युटरकडून स्क्रीनकडे दुसरी जोडणी जाते. पियानो आणि स्क्रीन यांचा एकमेकांशी थेट संबंध नसतो.

आजच्या बहुतेक डिजिटल पियानोंच्या मागे ‘यूएसबी टू होस्ट’ नावाचा पोर्ट असतो. तो अनेकदा प्रिंटरच्या पोर्टसारखा चौकोनी असतो. कॉम्प्युटरची केबल इथे लावायची. काही मॉडेलांवर ‘यूएसबी टू डिव्हाइस’ असा आणखी एक पोर्ट असतो. तो पेन ड्राइव्हसारख्या वस्तूंसाठी आहे. टचस्क्रीनची यूएसबी पिन त्यात बसली तरी काहीही होणार नाही.

पियानोकडून कॉम्प्युटरकडे जातं काय?

या केबलमधून जाते ती मुख्यतः ‘मिडी’ ही माहिती. मिडी म्हणजे आवाज नव्हे. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली आणि पेडल खाली आहे की वर, एवढंच त्यात असतं. प्रत्येक पट्टीला एक क्रमांक असतो. ८८ पट्ट्यांच्या पियानोवर सर्वांत खालची पट्टी २१ क्रमांकाची आणि सर्वांत वरची १०८ क्रमांकाची. मधला ‘सी’ म्हणजे ६०. दाबण्याचा जोर १ ते १२७ या आकड्यांत मोजला जातो.

ही पद्धत १९८३ सालची आहे. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या ‘नॅम’ या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल आणि रोलंड या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवण्यात आले. एकावर वाजवलं की दुसराही वाजत होता. ४० वर्षांनंतरही घरातला पियानो आणि लॅपटॉप याच भाषेत बोलतात. म्हणूनच पियानो एका कंपनीचा, लॅपटॉप दुसऱ्या आणि सॉफ्टवेअर तिसऱ्या कंपनीचं असलं तरी त्यांचं जमतं.

चित्र दिसतं, पण टच चालत नाही. असं का?

एचडीएमआय केबल चित्र आणि आवाज नेते. बोट कुठे लागलं, ही माहिती तिच्यातून परत येत नाही. त्यासाठी स्क्रीनपासून कॉम्प्युटरपर्यंत वेगळी यूएसबी केबल लावावी लागते. म्हणजे एचडीएमआय वापरत असाल तर चित्रासाठी एक, टचसाठी दुसरी आणि विजेसाठी बहुधा तिसरी, अशा वायरी होणार. बॉक्समधली यूएसबी केबल फक्त चार्जिंगची समजून मोबाइलच्या चार्जरला लावली, तर स्क्रीन सुरू होईल, पण टच बंदच राहील.

पोर्टेबल मॉनिटरमध्ये टाइप-सीच्या एकाच केबलवर चित्र, टच आणि वीज अशी तिन्ही कामं होऊ शकतात. पण इथेही दोन अडथळे आहेत.

पहिला पोर्टचा. लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे म्हणून त्यातून चित्र बाहेर पडेलच असं नाही. त्या पोर्टला ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ किंवा थंडरबोल्टची सोय हवी. ही माहिती लॅपटॉपच्या स्पेसिफिकेशनमध्ये मिळते. मोबाइल जोडायचा विचार असेल तर हे आधी तपासाच, कारण सगळ्या फोनमधून चित्र बाहेर पडत नाही.

दुसरा केबलचा. मोबाइलबरोबर येणाऱ्या टाइप-सी केबल बऱ्याचदा चार्जिंग आणि साध्या डेटापुरत्या असतात. त्यातून स्क्रीनला वीज मिळते, दिवा लागतो, पण ‘नो सिग्नल’ एवढंच दिसतं. व्हिडिओ चालेल असं स्पष्ट लिहिलेली केबलच वापरावी.

कोणत्या कॉम्प्युटरवर टच चालतो?

विंडोज १० आणि ११ वर बहुतेक टचस्क्रीन वेगळं काही इन्स्टॉल न करता ओळखल्या जातात. लिनक्सवरही साधारण हीच स्थिती आहे. मॅकचं गणित वेगळं आहे. मॅकओएसमध्ये बाहेरच्या टचस्क्रीनसाठी विंडोजसारखी तयार सोय नाही. चित्र छान येतं, पण टचसाठी मॉनिटर बनवणाऱ्या कंपनीचा किंवा दुसऱ्या कुणाचा ड्रायव्हर घ्यावा लागतो. मॅक वापरणाऱ्यांनी ‘मॅकला सपोर्ट करतो’ एवढ्या ओळीवर विसंबू नये. सपोर्ट चित्राला आहे की टचलाही, हे विक्रेत्याला नेमकं विचारावं.

लॅपटॉप आणि टचस्क्रीन असे दोन डिस्प्ले असतील तर विंडोजवर एक गंमत होते. बोट टचस्क्रीनवर लागतं आणि क्लिक लॅपटॉपच्या स्क्रीनवर होतो. स्क्रीन खराब नसते. कोणता डिस्प्ले टचचा आहे, हे विंडोजला समजलेलं नसतं. कंट्रोल पॅनलमधल्या ‘टॅब्लेट पीसी सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘सेटअप’ दाबावं. सूचना टचस्क्रीनवर दिसली की तिथे बोट लावायचं. ती लॅपटॉपवर दिसली तर एंटर दाबायचं.

किती इंची स्क्रीन घ्यावी?

इथे छापील पानाचं माप कामाला येतं. ए-४ पान २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतं. १५.६ इंची रुंद स्क्रीन साधारण ३४५ बाय १९४ मिलिमीटरची असते. ती आडवी ठेवून दोन पानं शेजारी-शेजारी उघडली तर प्रत्येक पान मूळ आकाराच्या ६५ टक्के दिसतं. वाचायला डोळे ताणावे लागतात. तीच स्क्रीन उभी केली तर एक पान जवळपास ९२ टक्के आकारात मावतं.

२४ इंची स्क्रीन साधारण ५३१ बाय २९९ मिलिमीटरची असते. म्हणजे दोन ए-४ पानं शेजारी-शेजारी, जवळपास खऱ्या आकारात. पुस्तक उघडून समोर ठेवल्यासारखंच. स्टाफ नोटेशन असो की भातखंडे पद्धतीची स्वरलिपी, मापाचा हिशोब हाच.

थोडक्यात, एक पान पुरेसं असेल तर उभी करता येणारी १५.६ इंची आणि दोन पानं हवी असतील तर २४ इंची. घरात ट्यूबलाइट वाजवणाऱ्याच्या पाठीमागे असेल तर चकचकीत काचेवर तिचा प्रकाश चमकतो, हेही लक्षात ठेवावं.

ती ठेवायची कुठे?

पियानोवरचा नोटेशन स्टँड कागदाची पुस्तकं धरण्यासाठी केलेला असतो. हलका पोर्टेबल मॉनिटर त्यावर कसाबसा राहतो. काही किलो वजनाचा २४ इंची मॉनिटर त्यावर ठेवणं म्हणजे पियानो आणि स्क्रीन दोन्ही धोक्यात घालणं. शिवाय टचस्क्रीनला नुसतं वजन पेलणारा आधार पुरत नाही. बोट लावताना आपण तिला मागे ढकलत असतो, त्यामुळे आधार घट्ट हवा.

मॉनिटरच्या मागे ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० मिलिमीटर अंतरावर चार स्क्रूंची भोकं असतील तर तो व्हेसा मापाचा आहे. त्याला भिंतीवरचा किंवा टेबलाला क्लॅम्पने बसणारा आर्म लागतो. हा क्लॅम्प पियानोच्या कडेला लावू नये. पियानोची बॉडी तो ताण घेण्यासाठी बनवलेली नसते. बाकावर नेहमीसारखं बसून हात लांब न ताणता बोट स्क्रीनपर्यंत पोहोचतं का, हे पाहूनच भिंतीत भोकं पाडावीत.

सूर उशिरा येतो, तो स्क्रीनमुळे का?

नाही. पियानोचा स्वतःचा आवाज वापरत असाल तर कॉम्प्युटर त्यात मध्ये येतच नाही. पण पियानोटेकसारख्या सॉफ्टवेअरमधून आवाज काढत असाल तर पट्टी दाबल्यापासून सूर कानावर येईपर्यंत थोडा वेळ जातो. त्यातला मोठा वाटा बफरचा असतो. कॉम्प्युटर आवाजाचे छोटे तुकडे आधी साठवतो आणि मग वाजवतो. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंदांचा उशीर. तोच २५६ केला तर साधारण ५ मिलिसेकंद.

हवेतून आवाजाला एक मीटर अंतर कापायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे ५ मिलिसेकंद म्हणजे स्पीकरपासून पावणेदोन मीटरवर बसल्यासारखं. तेवढं चालून जातं. बफर फार कमी केला तर मात्र आवाजात कटकट ऐकू येते. अशा वेळी तो एक पायरी वाढवावा. विंडोजवर आवाजासाठी ‘एएसआयओ’ ड्रायव्हर वापरला तर उशीर बराच कमी होतो. आणि ब्लूटूथ हेडफोन या कामासाठी टाळावेत. त्यांचा उशीर अनेकदा १०० मिलिसेकंदांच्या वर जातो आणि ठेका हातातून निसटतो. साधा वायरचा हेडफोन इथे सरस ठरतो.

प्रत्येक सूर दोनदा ऐकू आला तर पियानो आणि सॉफ्टवेअर दोघंही वाजत आहेत. पियानोच्या सेटिंगमध्ये ‘लोकल कंट्रोल’ ऑफ केलं की प्रश्न मिटतो.

कॉम्प्युटरचा आवाज केबलने पियानोच्या स्पीकरला दिल्यावर ‘घूं’ असा सततचा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. आवाज थांबला तर हा ग्राउंड लूप आहे. त्यावर यूएसबी आयसोलेटर किंवा ऑडिओ आयसोलेटर मिळतो. प्लगची अर्थिंगची पिन तोडणं किंवा टू-पिन अडॅप्टर लावून तिला बगल देणं हा उपाय नाही. शॉक लागण्यापासून वाचवणारी पिन तीच असते.

वाजवताना टचचा खरंच उपयोग होतो का?

खरेदीआधी विचार करण्यासारखा प्रश्न हाच आहे. पियानो वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात. पान उलटण्यासाठी हात उचलला की कागदाच्या पुस्तकासारखाच खंड पडतो. टचचा खरा फायदा वाजवण्याच्या आधी आणि नंतर होतो : आवाज निवडणं, मेट्रोनोमचा वेग बदलणं, अवघड चार मात्रा पुन्हापुन्हा ऐकणं, चुकणाऱ्या जागेवर खूण करणं.

पान उलटण्यासाठी पायाने दाबायचं ब्लूटूथ पेडल मिळतं. ते कॉम्प्युटरला कीबोर्डसारखंच वाटतं आणि ‘पेज डाउन’ किंवा बाणाची की दाबल्याचा संदेश पाठवतं. इथे ब्लूटूथचा किंचित उशीर जाणवत नाही, कारण पान तसंही एखादी मात्रा आधीच उलटलं जातं. मोबाइलशीट्स आणि फोरस्कोर ही ॲप्स अशी पेडल स्वीकारतात.

मग घ्यावी की नाही?

फक्त नोटेशन वाचायचं असेल, तर मोठ्या स्क्रीनचा टॅब्लेट आणि पेडल पुरतं. वायरींची भानगडही राहत नाही. यामाहाचं स्मार्ट पियानिस्ट किंवा रोलंड पियानो ॲप यांसारखी कंपन्यांची ॲप्सही फोन-टॅब्लेटसाठीच आहेत. तुमचं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का, तेवढं पाहावं.

आवाज कॉम्प्युटरमधून काढायचा असेल, रेकॉर्डिंग करायचं असेल किंवा म्युझस्कोरमध्ये स्वतः नोटेशन लिहायचं असेल, तर मात्र टचस्क्रीन मॉनिटर रोजच्या कामाचा ठरतो. पैसे भरण्याआधी या पाच गोष्टी तपासाव्यात :

१. कॉम्प्युटरवर एचडीएमआय किंवा व्हिडिओ देणारा टाइप-सी पोर्ट आहे का?

२. पियानो, टच आणि ऑडिओसाठी पुरेसे यूएसबी पोर्ट आहेत का?

३. तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर टच चालतो, हे लेखी दिलंय का?

४. एक पान पाहायचंय की दोन, आणि स्क्रीन उभी करता येते का?

५. स्क्रीन पियानोवर न ठेवता कशावर बसवणार, हे ठरलंय का?

पाचही उत्तरं हाताशी नसतील तर ऑर्डर थोडी थांबवावी. तोवर आहे तोच लॅपटॉप लांब एचडीएमआय केबलने घरातल्या टीव्हीला जोडून आठवडाभर सराव करून पाहता येतो. टच नसेल, पण पियानोसमोर मोठी स्क्रीन आपल्याला खरंच हवी आहे का, याचं उत्तर त्यातून मिळतं.