साडेतीन चरण आणि पाऊल

अभंगाचा चौथा चरण तोकडा का, याविषयी आपल्या छंदःशास्त्रकारांनी पुष्कळ लिहिले आहे. पण ज्यांच्या पावलांवर अभंग टिकला त्या वारकऱ्यांच्या पावलांचा विचार त्यात क्वचितच आढळतो. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण प्रत्येकी सहा अक्षरांचे व चौथा चार अक्षरांचा, एकूण अक्षरे २२. दिंडीतील पावली मात्र सम असते. जितके पुढे जावयाचे तितकेच मागे यावयाचे. विषम लांबीच्या चालीवर हे सम पाऊल पडते तरी कसे?

अक्षरास एक मात्रा व दोन मात्रांस एक पाऊल धरले तर पावले अकरा होतात, आणि टाळकरी मूळ जागी परत येतच नाही. अर्थात माप अक्षरांचे नव्हे. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचने’त मांडलेली अष्टमात्रक आवर्तनाची कल्पना येथे उपयोगी पडते. सहा अक्षरे आठ मात्रांत लांबवून म्हटली जातात. चौथ्या चरणाची चार अक्षरेही आठच मात्रा व्यापतात, आणि उरलेली जागा लांबवलेला स्वर किंवा टाळ-मृदंग भरून काढतात. म्हणजे मात्रा ३२, पावले १६: आठ पुढे, आठ मागे. तोकडेपणा कागदावरचा आहे. मेजाशी बसून अक्षरे मोजणाऱ्यासच तो जाणवतो.

या रचनेचे मूळ शोधू गेल्यास आपल्याच परिसरात यावे लागते. लातूरच्या सीमेपलीकडील कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लासा’त (सुमारे इ. स. ११३०) महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असे नमूद केले आहे. पुढील शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त ओवीचे लक्षण दिले: देशभाषेतील सप्रास तीन खंड व शेवटी ‘ओवी’ हे पद. तीन खंड आणि एक आखूड शेपूट! हिंगोलीजवळच्या नरसीशी परंपरेने जोडलेल्या नामदेवांच्या अभंगातील अर्धा चरण हा त्या अंत्यपदाचाच वारस असावा, असे मला वाटते. पुरावा अनुमानाचा आहे. पण मुसळाच्या दर उचलीस जसा क्षणभर विसावा लागतो, तसा तो गीतासही लागतो.

जात्यावरच्या ओवीतही हेच. अक्षर कमी पडले की गाणारी ‘बाई’ किंवा ‘गं’ घालते. जास्त झाले तर घाईने उरकते. जात्याचा फेरा मात्र बदलत नाही.

इंग्लंड-अमेरिकेकडील काँट्रा नृत्यात व्यवहार उलटा आहे. तेथे नाच साधारणतः ६४ पावलांचा, चाल ३२ मापांची. क्वेबेककडील एखाद्या चालीत एखादे माप कमी-अधिक असले की तिला वाकडी म्हणतात, आणि तिच्याजोगा नाच निवडावा तरी लागतो किंवा ती चाल सोडावी तरी लागते. तेथे वाद्याची धून ठरलेली, म्हणून नाच शोधायचा. येथे पाऊल ठरलेले, म्हणून शब्दांनी ताणावे वा आखडावे.

या कसोटीवर ज्ञानेश्वरीची (१२९०) ओवी वेगळी पडते. तिच्या चरणांची अक्षरसंख्या इतकी सैल आहे की तिच्यावर पाऊल बसवता येत नाही. मुसळ, जाते व पावली यांपासून सुटलेली ही ओवी पारायणात बसूनच वाचली जाते. लोकओवी व ग्रंथओवी यांतील भेद केवळ अक्षरगणनेने सांगणे म्हणूनच मला अपुरे वाटते.