शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार

फिलिपिन्सचं ठरलं त्याचं कारण अगदी साधं होतं. २०२५मध्ये त्यांनी भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय यायची मुभा दिली, आणि आमच्या चौघांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर थायलंड एका संध्याकाळीत मागे पडलं. मग रील्सचा पाऊस सुरू झाला. एल निदोचे समुद्रातून वर आलेले चुनखडीचे सुळके, बोराकायची पांढरी वाळू, सिआरगाओच्या लाटा. एकाने शीट बनवली : विमान, हॉटेल, बोट, खाणं. ७,६४१ बेटांच्या देशातली चार बेटं निवडायची होती.

माझ्या वाट्याला हवामान आलं. तिथे वर्षाचे ढोबळ दोन भाग. ‘आमिहान’ म्हणजे ईशान्येकडून येणारा वारा, साधारण नोव्हेंबरपासून. ‘हाबागात’ म्हणजे नैऋत्येकडून येणारा, पाऊस आणणारा, साधारण जूनपासून. म्हणजे आपल्याकडे जूनमध्ये कोकणात उतरतो, त्याच मोसमी चक्राचं पुढचं टोक. बोराकायला कधी जावं हे आज आपण या वाऱ्यांवरून ठरवतो. हजार वर्षांपूर्वीची शीटसुद्धा यांच्यावरच बनायची. गलबत कधी सोडायचं, कुठल्या बंदरात चार महिने थांबायचं, परत कधी फिरायचं, हे सगळं वारा ठरवायचा. कोण तेव्हा तिथे ये-जा करत होतं, हे शोधत गेलो आणि एका तांब्याच्या पत्र्यापाशी येऊन थांबलो. आमच्या शीटमध्ये तो नव्हता.

वाळूत सापडलेली पावती

मनिलाच्या आग्नेयेला ‘लागुना दे बाय’ नावाचं प्रचंड सरोवर आहे. त्याला मिळणाऱ्या लुंबांग नदीच्या मुखाशी वाळू उपसताना एका माणसाला काळवंडलेला, गुंडाळी झालेला पत्रा मिळाला. ही १९८०च्या दशकाच्या अखेरची गोष्ट. पत्रा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेला आणि १९९०मध्ये तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाने तो विकत घेतला. उलगडल्यावर साधारण ३० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद. त्यावर दहा ओळी. लिपी मात्र तिथे कुणालाच वाचता येईना.

ती वाचली आंतून पोस्तमा यांनी. मूळचे डच मिशनरी. मिंदोरो बेटावरच्या मांग्यान लोकांत त्यांनी उभा जन्म काढला आणि त्यांची लिपी शिकून घेतली. त्यांनी ओळखलं, की ही ‘कावी’ लिपी आहे, जावा बेटावर चालणारी, आणि तिचं मूळ दक्षिण भारतातल्या लिप्यांत आहे. भाषा मुख्यतः जुनी मलय, तिच्यात जावानीज आणि भरपूर संस्कृत शब्द.

आता पहिली ओळ. मी ती बसमध्ये फोनवर वाचली आणि पुन्हा वर जाऊन वाचली. सुरुवात ‘स्वस्ति’ने. मग शक वर्ष ८२२. मग वैशाख मास. मग चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार.

आपल्या घरात भिंतीवर लटकणाऱ्या कॅलेंडरची भाषा ही! ७८ मिळवले की इसवी सन ९००. अभ्यासकांनी दिवसही काढला आहे : २१ एप्रिल. वद्य चतुर्थीला आपण आज संकष्टी म्हणतो. त्या दिवशी मनिलाच्या आसपास कुणी उपास धरून चंद्रोदयाची वाट पाहत होतं, असा याचा अर्थ अजिबात नाही. पण दिवस मोजायची पद्धत तीच होती. अलिबागजवळच्या अक्षीचा मराठी शिलालेख शके ९३४चा, म्हणजे इ. स. १०१२चा मानला जातो. हा पत्रा त्याच्याहून शंभरावर वर्षांनी जुना.

त्याआधी फिलिपिन्सच्या लिखित इतिहासाची सुरुवात सहसा १५२१पासून धरली जायची, म्हणजे मॅगेलन तिथे पोचला तेव्हापासून. एका पत्र्याने ती तारीख ६२१ वर्षं मागे ढकलली.

पत्र्यावर काय आहे?

त्याच काळात आपल्याकडे राष्ट्रकूटांची सत्ता होती. त्यांचे ताम्रपट बघितले, तर बहुतेक दानपत्रं : अमुक राजाने अमुक गाव अमुक ब्राह्मणाला किंवा देवळाला दिलं. राजाची बिरुदं, त्याच्या बापाची, आजोबाची बिरुदं, आणि मग शेवटी गावाच्या सीमा.

लागुनाच्या पत्र्यात असं काही नाही. ना दिग्विजय, ना दान. ती कर्ज फिटल्याची पावती आहे.

नामवरान नावाचा एक मानकरी होता. त्याच्या डोक्यावर १ काती आणि ८ सुवर्ण एवढं सोन्याचं कर्ज होतं. आजच्या मापात धरलं तर किलोला थोडं कमी सोनं. त्या वैशाखातल्या सोमवारी त्याच्या मुलांना, आंगकातान नावाच्या मुलीला आणि बुका नावाच्या तिच्या भावंडाला, कर्ज माफ झाल्याचा लेख देण्यात आला. देणारा तुंदुनचा सेनापती, त्याच्या वतीने जयदेव. तुंदुन म्हणजे आजच्या मनिलातला तोंदो, अतिशय दाट वस्तीचा भाग. आणखी काही गावांचे प्रमुख साक्षीला आहेत. लेखाला मूळ मजकुरात शब्द आहे ‘शुद्धपत्र’. आपल्या जुन्या दप्तरांत यालाच फारखत म्हणायचे. आज बँक नो ड्यूज सर्टिफिकेट देते, तेच.

पण नुसत्या पैशांसाठी कुणी तांब्यावर अक्षरं ठोकून घेईल का? इथे तिथल्या समाजाची रीत लक्षात घ्यावी लागते. स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात आले तेव्हा त्यांनी ‘आलिपिन’ नावाचा वर्ग पाहिला आणि त्याबद्दल लिहून ठेवलं. कर्ज फिटलं नाही की माणूस धनकोचा आलिपिन व्हायचा. काही जण स्वतःच्या घरात राहून धन्याची ठरलेली चाकरी करत, काही धन्याच्याच घरात राबत. आणि हे ओझं पोरांकडे वारशाने जायचं. ही वर्णनं पत्र्याच्या सहा-सातशे वर्षांनंतरची आहेत, त्यामुळे ९०० सालीही अगदी असंच होतं असं छातीठोक म्हणता येणार नाही. पण पत्रा दिला कुणाला, ते बघा. मुलांना. नामवरानचे वंशज मोकळे झाले, हे त्यात मुद्दाम नोंदवलं आहे.

कर्जाचा कागद म्हणजे काय असतं, हे आपल्याला समजावून सांगायला नको. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून पहिल्यांदा काय बाहेर काढलं? कर्जरोखे. आणि ते जाळले. कागद राहिला तर कर्ज राहतं. आंगकातान आणि बुका यांच्याकडे उलटा कागद होता, म्हणून तो न जळणाऱ्या, न कुजणाऱ्या तांब्यावर.

‘म्हणजे आपलीच संस्कृती ना!’

मी ग्रुपवर पत्र्याचा फोटो टाकला. दोन मिनिटांत उत्तर आलं : ‘म्हणजे आपलीच संस्कृती ना तिथे!’ सोबत तिरंगा.

खोटं कशाला बोलू, माझीही पहिली प्रतिक्रिया हीच होती. आणि शोधत गेलं की पुरावे हात जोडून उभे राहतात. तागालोग भाषेत चेहऱ्याला ‘मुखा’ म्हणतात, शिक्षकाला ‘गुरो’, साक्षीदाराला ‘साक्सी’, बातमीला ‘बालिता’, जी आपल्या वार्तेची लांबची बहीण. रानातल्या, डोंगरातल्या शक्तीला ‘दिवाता’. १९१७मध्ये मिंदानाओ बेटावर पुरानंतर नदीकाठी सोन्याची एक मूर्ती सापडली. पावणेदोन किलोच्या आसपास वजन, मांडी घातलेली स्त्री. ती हिंदू देवी की बौद्ध तारा, यावर अजून वाद आहे. तुम्ही मनिलाला गेलात तरी ती दिसणार नाही. ती शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे.

अशा गोष्टी जमवून १९२०च्या दशकात कलकत्त्याच्या काही विद्वानांनी ‘बृहत्तर भारत’ अशी मांडणी केली. आग्नेय आशिया म्हणजे भारताच्या जुन्या वसाहती, असा तिचा सूर. आपण स्वतः इंग्रजांची वसाहत असताना आपल्याही वसाहती होत्या म्हणण्यात काय गोडी वाटली असेल, ते समजतं. पण पत्रा वेगळं सांगतो.

एकतर हे शब्द बहुतांशी भारतातून थेट गेलेले नाहीत. मलय आणि जावाच्या लोकांनी ते आधी घेतले, आपल्या तोंडात घोळवले आणि वाऱ्याबरोबर पुढे नेले. म्हणूनच पत्र्याची भाषा मलय आहे. दुसरं म्हणजे, घेणाऱ्यांनी निवडून घेतलं. सेनापती, नायक, कायस्थ, शुद्धपत्र, तिथी, वार : म्हणजे पदव्या, कचेरी आणि कालगणना. आज आपण ‘सर्टिफिकेट’, ‘मॅनेजर’, ‘मंडे’ म्हणतो तसं. उद्या कुणी आपला पगाराचा कागद उकरून काढला आणि ‘हे पुणेकर मूळचे इंग्रज’ असं म्हणाला, तर?

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप झाला, त्या कर्जाला पत्र्यात संस्कृत शब्द नाही. ऋण नाही. शब्द आहे ‘हुतांग’. बेटांवरच्या भाषांचा स्वतःचा. आजही तागालोगमध्ये कर्जाला ‘उतांग’च म्हणतात. साज बाहेरून आला, पण दुखणं तिथलंच होतं.

उतांग पुढे चालू

१५६५मध्ये स्पेनने सेबू बेटावर ठाणं मांडलं, १५७१मध्ये मनिला घेतलं, आणि देशाला आपल्या राजाचं, फिलिपचं नाव चिकटलं. मग १८१५पर्यंत, अडीचशे वर्षं, मनिला ते मेक्सिकोतलं अकापुल्को अशी गलबतं चालली. मेक्सिकोची चांदी इकडे, चिनी रेशीम आणि हिंदुस्थानी सुती कापड तिकडे. डहाणू-घोलवडचा आपला चिकू मनिलाच्या बाजारात ‘चिको’ आहे, कारण दोन्ही नावं मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतून, स्पॅनिशच्या वाटेने आली.

याच वाटेवरून माणसंही गेली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातल्या एका मुलीला पोर्तुगीज चाच्यांनी पळवलं. कोचीनला तिचा बाप्तिस्मा झाला, मनिलाला ती विकली गेली, आणि तिथून गलबतात घालून तिला मेक्सिकोत नेलं. पुएब्ला शहरात ती कातारिना दे सान ह्वान नावाने जगली आणि १६८८मध्ये वारली, तेव्हा लोक तिला संत मानत होते. मनिलाहून गेलेल्या सगळ्या आशियाई गुलामांना तिकडे एकच नाव होतं : ‘चिनो’. तिच्या हातात शुद्धपत्र ठेवणारा कुणी जयदेव तिला मनिलात भेटला नाही.

१७६२मध्ये इंग्रजांनी मनिला जिंकलं तेव्हा मोहीम मद्रासहून निघाली होती आणि तिच्यात हिंदी शिपाई होते. १७६४मध्ये इंग्रज परतले, पण काही शिपाई मागेच राहिले आणि मनिलाजवळच्या काइंता गावात संसाराला लागले. १८९८मध्ये स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन अख्खा देश अमेरिकेला देऊन टाकला. ज्यांचा देश, त्यांना कुणी विचारलं नाही. स्वातंत्र्य आलं ४ जुलै १९४६ला.

आणि १९७४मध्ये मार्कोसच्या राजवटीत कामगार कायदा झाला, त्याने माणसं परदेशी कामाला पाठवणं हे सरकारी धोरणच बनवलं. आखातातली नर्स, हाँगकाँगमधली मोलकरीण, जहाजावरचा खलाशी. तुमच्यापैकी कुणाचा भाऊ दुबईला असेल तर त्याच्या ऑफिसात, दवाखान्यात एक तरी फिलिपिनो नक्की असेल. एजंटची फी भरायला अनेक जण निघण्याआधीच कर्ज काढतात. मग महिन्याला घरी पैसे. त्या पैशांमागे एक शब्द असतो, ‘उतांग ना लोओब’ : आतलं कर्ज. आईवडिलांनी वाढवलं, थोरल्या बहिणीने शिकवलं, त्याचं. आपण ‘उपकार’ म्हणतो त्याच्या जवळचं, पण जास्त जड. हे कर्ज पैशाने फिटत नाही आणि त्याची पावतीही नसते. तिथली तरुण पिढी त्यावर आता मोकळेपणाने भांडते : मला जन्म दिलात हे माझ्यावर कर्ज कसं?

अर्धं वाक्य

पत्र्याची शेवटची ओळ सांगायची राहिली. आशय असा, की पुढे कधी कुणी माणूस उठून म्हणाला, नामवरानचं कर्ज अजून फिटलेलं नाही, तर…

इथे पत्रा संपतो. वाक्य अर्ध्यावर. पुढचा मजकूर दुसऱ्या पत्र्यावर असणार, असा अंदाज आहे. दुसरा पत्रा अजून मिळालेला नाही. त्या माणसाचं काय करायचं, हे आपल्याला माहीत नाही.

शीट मी बदलली आहे. एल निदो आहे, बोराकायही आहे. २०१८मध्ये सांडपाण्याने नासलेलं ते बेट सहा महिने बंद ठेवून साफ करावं लागलं होतं, म्हणून तिथे कचरा करायचा नाही अशी टीप घातली आहे. सेबूला उतरल्यावर माक्तानला जायचं आहे. १५२१च्या एप्रिलमध्ये लापुलापूच्या लोकांनी मॅगेलनला तिथे मारलं, आणि आज दोघांचीही स्मारकं एकाच आवारात आहेत. मनिलात अर्धा दिवस वाढवला आहे. रिझाल पार्कजवळ राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालय, प्रवेश मोफत. त्या रकान्यात ‘काय बघायचं’ याखाली मी लिहिलं आहे : एक पावती.

तिरंगा टाकणाऱ्या मित्राने विचारलं, ‘कुणाची?’

म्हटलं, ‘आंगकातानची. चल, दाखवतो.’