पायडलच्या एका फेरीत किती वाट

घोलवड स्टेशनातून बाहेर पडून बोर्डीकडे निघाले की वाट सपाट लागते. दोन्ही अंगांना चिकूच्या वाड्या, मग सुरूची रांग, आणि तिच्या पलीकडे समुद्र. ओहोटीला बोर्डीचा किनारा दूरवर उघडा पडतो. पाणी नुकतेच सरलेली वाळू इतकी घट्ट बसलेली असते की तिच्यावरून सायकल खुशाल हाकता येते. ना चढ, ना उतार. अशा गावात सायकलला गिअर हवेत कशाला, असे कुणीही विचारील. पण गिअर नसलेली सायकल मुळात नसतेच. साध्या काळ्या सायकलीलाही एक गिअर असतो. तो बदलता येत नाही, एवढेच.

तो मोजायची रीत सोपी आहे. पुढच्या मोठ्या चक्राच्या एका दात्याला खडूची खूण करायची आणि गोल मोजत यायचे. समजा ४६ दाते भरले, मागे फ्रीव्हीलवर १८ निघाले आणि चाक २८ इंची आहे. पायडल एकदा पूर्ण फिरले की मागचे चाक अडीच वेळांहून थोडे जास्त फिरते आणि सायकल सुमारे ५.७ मीटर पुढे जाते. बोर्डीच्या ओल्या वाळूवर काठीने दोन रेघा मारून हे अंतर डोळ्यांनी पाहता येईल. पहिली रेघ ओलांडताना उजवे पायडल वर होते, दुसरीपाशी ते पुन्हा वर आलेले असते. आज वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या कललेल्या ट्रॅकवर, स्प्रिंट मारणारा अव्वल सायकलपटू त्याच एका फेरीत जवळपास दहा मीटर कापतो. या दोन रेघांमधले अंतर वाढत गेले, त्याला दीडशे वर्षे लागली. त्यातली बरीचशी वर्षे सायकलपटू आणि त्यांचे गुरू एका समजुतीला धरून होते: पाय जितके भराभर फिरतील तितका वेग खरा.

गिअर आजही इंचांत मोजला जातो. ही सवय त्या उंच चाकाच्या सायकलीची देणगी आहे, जिचे पुढचे चाक माणसाच्या छातीपर्यंत यायचे. १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये, विशेषतः कॉव्हेंट्रीत, ती फोफावली. पायडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले, म्हणजे पायडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. वेग वाढवायचा तर चाक मोठे करायचे, आणि चाक किती मोठे होणार हे पायाच्या लांबीवर ठरायचे. लांब टांगेचा माणूस ५६ इंची चाकावर बसे, आखूड टांगेचा ५० इंचीवर. १८८५ साली जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. साखळीने मागचे चाक फिरू लागले आणि पायाच्या लांबीचे हे बंधन सुटले. पण माप तेच राहिले. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा व्यास. वरच्या काळ्या सायकलीचा गिअर या हिशेबाने ७१ इंचांच्या वर जातो. तेवढ्या उंच चाकावर बसून पायडल गाठू शकेल असा माणूस जन्माला यायचा आहे.

ट्रॅकवरची सायकल या काळ्या सायकलीहूनही साधी. ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही. चाक फिरते तोवर पायडल फिरणारच. पाय थांबवण्याची सोय नाही. गिअर एकच, आणि तो शर्यतीआधी पान्याने बसवून घ्यायचा. डोंबिवलीची गाडी पकडायची की बोरिवलीची, हे जसे फलाटावरच ठरवावे लागते, तसे जड गिअर की हलका हे ट्रॅकच्या मध्यावर, जमिनीवर बसून ठरते. एकदा निघाले की बदल नाही. म्हणून या एका निर्णयाभोवती एवढा वाद, एवढे गणित आणि एवढ्या श्रद्धा गोळा झाल्या.

बोर्डीच्या परिसराला सायकलशी जोडणारा एक धागा पारशी समाजाचा आहे. उत्तरेला थोड्या अंतरावर पारशांचे जुने ठाणे संजाण. बोर्डीजवळच्या बहरोटच्या डोंगरात संजाणच्या पाडावानंतर बारा वर्षे पवित्र इराणशाह अग्नी जपला गेला, असे परंपरा सांगते. पुढे इराणी कुटुंबांनी इथे चिकूच्या वाड्या उभ्या केल्या. पारशी समाजातल्याच मुंबईच्या तरुणांनी भारतीय सायकलिंगला पहिली मोठी पाने दिली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा तरुण मुंबईहून जगाच्या फेरीला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा १८ मार्च १९२८ रोजी परतले, तेव्हा सुमारे ७१,००० किलोमीटर पायाखालून गेले होते. वाळवंट आणि डोंगर तुडवताना लागतो तो गिअर आणि ट्रॅकवरच्या दोनशे मीटरच्या झेपेला लागतो तो गिअर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरी सायकल हे मर्दुमकीचे साधन आहे ही गोष्ट मुंबईच्या जिमखान्यांत रुजवली ती अशाच माणसांनी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या भारतीय सायकल संघात रोहिंटन नोबल, जहांगू अमीन, एरच मिस्त्री अशी पारशी नावे दिसतात ती यामुळेच.

त्या ऑलिंपिकच्या ट्रॅक शर्यती लंडनच्या हर्न हिल वेलोड्रोमवर झाल्या. ट्रॅक उघड्यावरचा होता. स्प्रिंटच्या अंतिम फेरीत इटलीच्या मारिओ घेल्लाने यजमानांच्या रेग हॅरिसला हरवले. हॅरिस पुढे व्यावसायिकांत चार वेळा जगज्जेता झाला. त्या काळचा स्प्रिंटर ९० इंचांच्या आसपासचा गिअर लावत असे, म्हणजे एका फेरीत सव्वासात मीटरच्या आतबाहेर. शेवटचे दोनशे मीटर साडेअकरा सेकंदांत मारायचे, तर त्या गिअरवर पाय मिनिटाला सुमारे १४५ वेळा फिरवावे लागतात. हिशेब कुणीही करून पाहावा.

हलक्या गिअरवर एवढा विश्वास का होता? पहिले कारण शर्यतीच्या स्वभावात आहे. स्प्रिंट ही नुसती धावाधाव नव्हती. पुढचा हवा कापतो आणि मागच्याला त्याचा आडोसा मिळतो, म्हणून आधी पुढे जायला कुणीच राजी नसे. दोघेही सायकल जागच्या जागी उभी करत आणि दुसऱ्याचा धीर सुटायची वाट पाहत. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये इटलीचा जोव्हानी पेत्तेनेल्ला आणि फ्रान्सचा पिएर त्रांतँ उपांत्य फेरीत २१ मिनिटे ५७ सेकंद असे उभे राहिले होते. जवळपास बावीस मिनिटे! चाक हलत नाही, हॅण्डल थरथरतेय, मांड्या ताठ झालेल्या, नजर दुसऱ्याच्या पुढच्या चाकावर खिळलेली. अशा उभ्या स्थितीतून एकदम उसळी मारायची तर जड गिअर म्हणजे पायाला बांधलेला धोंडा. हलका गिअर असेल तर दोन फेऱ्यांत सायकल सुटते.

दुसरे कारण सरावाचे. हिवाळाभर रोलरवर हलक्या गिअरने पाय फिरवत राहायचे आणि फिरकीत झोल राहू द्यायचा नाही, हा तेव्हाच्या तालमीचा पाया होता. जिममध्ये पाठीवर दीड-दोनशे किलोचे वजन घेऊन बैठका मारणे हे सायकलपटूचे काम मानले जात नसे. तिसरे कारण खालच्या जमिनीचे: उघड्यावरचा सिमेंटचा ट्रॅक, त्याचे सांधे, वारा. खडबडीत जमिनीवर जड गिअर अडखळतो. हलका गिअर लावलेला पाय त्या धक्क्यांतूनही लय सांभाळतो.

तो विश्वास अडाणीपणाचा नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवे. जपानच्या कोइची नाकानोने १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षे व्यावसायिक स्प्रिंटचे जगज्जेतेपद राखले. फ्रान्सच्या दानिएल मोरलाँने १९६८ आणि १९७२ चे ऑलिंपिक सुवर्ण घेतले. त्या काळाच्या साधनांवर, त्या काळाच्या डावपेचांत हलका गिअरच योग्य होता. चूक झाली ती पुढे. परिस्थिती बदलली, तरी नियम म्हणून तोच धरून ठेवला गेला.

२००५ साली सिल्व्हाँ दोरेल आणि सहकाऱ्यांनी जागतिक दर्जाच्या ट्रॅक स्प्रिंटरांच्या पायांची ताकद मोजली. पायाला सर्वांत जास्त शक्ती लावता येते ती मिनिटाला सुमारे १३० फेऱ्यांच्या आसपास, असे त्यातून दिसले. आणि हेच सायकलपटू दोनशे मीटरच्या चाचणीत पाय फिरवत होते सुमारे १५५ च्या गतीने. म्हणजे आपल्या सर्वांत बळकट जागेच्या पुढे जाऊन, उताराला लागलेल्या शक्तीवर ते शर्यत मारत होते.

१५५ ची गती म्हणजे काय, हे डोळ्यांपुढे आणून पाहावे. एका फेरीला ०.३९ सेकंद लागतात, त्यातला पाय खाली दाबण्याचा भाग ०.२ सेकंदांहूनही कमी. एवढ्यात मांडीच्या स्नायूने आवळायचे, पूर्ण जोर द्यायचा आणि दुसरा पाय खाली येण्याआधी सुटायचे. स्नायू इतक्या चटकन सुटत नाही. तो अजून आवळलेला असतानाच पायडल वर येऊ लागते आणि एक पाय दुसऱ्याशी भांडू लागतो. तेच अंतर जड गिअरने १३० च्या आसपास कापले तर प्रत्येक दाबाला थोडी जास्त उसंत मिळते. ताकद मात्र तेवढी हवी.

ती आली. २०१० नंतर स्प्रिंटरांचे गिअर १०० इंचांच्या वर सरकत गेले, मग ११०, मग १२० च्या पुढे. १२५ इंच म्हणजे एका फेरीत दहा मीटर. मांड्या जिममध्ये घडू लागल्या. लाकडी ट्रॅक छताखाली आले, चौकटी कार्बनच्या झाल्या, कोपर आत घेऊन हवा चुकवण्याची बसण्याची रीत बदलली. उभे राहण्यावरही नियमाने लगाम आला. आता तीस सेकंदांहून जास्त उभे राहता येत नाही, त्यामुळे शर्यत लवकर सुरू होते आणि लांबून मारली जाते. जड गिअरला आपली गती गाठायला वेळ लागतो. तो वेळ आता मिळू लागला. शिवाय ट्रॅकची उंच कड मदतीला असतेच. २५० मीटरच्या ट्रॅकवर वळणे ४२ ते ४५ अंशांनी कललेली असतात. वरच्या रेषेवरून खाली झेपावले की सुमारे पाच मीटरचा उतार फुकट मिळतो, आणि पायांवरचे थोडे ओझे गुरुत्वाकर्षण उचलते.

आकडे पाहिले की उडी लक्षात येते. १९९५ मध्ये कॅनडाच्या कर्ट हार्नेटने बोगोटात धावत्या सुरुवातीचे दोनशे मीटर ९.८६५ सेकंदांत मारले. हा विक्रम अकरा वर्षे टिकला. २०१३ मध्ये फ्रान्सच्या फ्रान्स्वा पेर्व्हीने तो ९.३४७ वर आणला, २०१९ मध्ये त्रिनिदादच्या निकोलस पॉलने ९.१०० वर. हे तिन्ही विक्रम उंचावरच्या शहरांतले, विरळ हवेतले. सगळे श्रेय गिअरला देणे बरोबर होणार नाही. पण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या हॅरी लाव्हरायसनने ९.०८८ दिला तो सखल प्रदेशात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मॅथ्यू रिचर्डसनने तुर्कस्तानातल्या कोन्यात ८.८५७ सेकंद घेतले. तो वेग ताशी ८१ किलोमीटरच्या पुढे जातो. बोर्डीतल्या काळ्या सायकलीच्या गिअरवर त्या वेगाने जायचे तर पाय मिनिटाला २३७ वेळा फिरवावे लागतील.

जड गिअरचा रस्ता सगळीकडे बिनविरोध मोकळा झाला नाही. जपानमध्ये १९४८ साली कोकुरा इथे केइरिन ही ट्रॅकवरची सायकल शर्यत सुरू झाली, आणि तिच्यावर सरकारमान्य पैज लागते. तिथले शर्यतपटूही जड गिअरकडे वळले, तेव्हा पुढच्या-मागच्या दात्यांचे गुणोत्तर ४.०० च्या खालीच ठेवण्याचा नियम आला. २७ इंची चाकावर ते १०८ इंचांच्या आत येते. प्रेक्षकांना डावपेच पाहायचे असतात, आणि जड गिअरवरचा माणूस ऐनवेळी वाट बदलू शकत नाही.

महाराष्ट्राची सायकलशी जडलेली नाळ मात्र घाटाची आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढून जाणारा ‘घाटाचा राजा’ होतो. तिथे गिअर बदलता येतो आणि शर्यत फुप्फुसांची असते. दोनशे मीटरच्या झेपेसाठी लागतो तो कललेला ट्रॅक, आणि तो पुण्यात बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने आला. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी २५० मीटरचा लाकडी ट्रॅक झाला, तेव्हा कुठे भारतीय स्प्रिंटरला आजचा गिअर आजच्या जमिनीवर फिरवायला मिळाला. फळ यायला दहा वर्षेही लागली नाहीत. २०१९ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट आन देर ओडर इथे एसो आल्बेन, रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग यांनी कनिष्ठ गटाचे सांघिक स्प्रिंटचे जगज्जेतेपद जिंकले. २०२२ मध्ये दिल्लीच्याच ट्रॅकवर रोनाल्डोने आशियाई स्पर्धेत स्प्रिंटचे रौप्य घेतले. महाराष्ट्राच्या मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे याच ओघात भारताच्या स्प्रिंट संघात आल्या.

बोर्डीच्या रस्त्यावर एखाद्या पोराला फिरकी शिकता येईल. सपाट रस्ता, समुद्राचा वारा आणि हलका गिअर यांनी पाय मोकळे होतात, आणि ते कौशल्य आजही लागते. सांघिक स्प्रिंटमध्ये पहिला गडी उभ्या सायकलीवरून सुटतो, म्हणून तो मागच्या दोघांहून हलका गिअर लावतो. पण ताशी सत्तरच्या वर जाऊन दहा मीटरची फेरी पायाखाली घेणे म्हणजे काय, हे सपाट वाटेवर कळत नाही. वळणावर अंगावर सुमारे दुप्पट वजन येते, हॅण्डल जमिनीकडे ओढले जाते आणि तेव्हाही पायडल फिरतच राहते. त्यासाठी ट्रॅकच हवा. तिथे ट्रॅकच्या मधोमध सायकल उलटी ठेवलेली असते. शर्यतीच्या आधी मागचे चक्र सोडून दुसरे बसवले जाते, साखळीचा ताण दोन बोटांनी दाबून पाहिला जातो, आणि एका दात्याच्या फरकावरून सायकलपटू आणि गुरू शेवटपर्यंत बोलत राहतात.