खारीचा वाटा

संपादक मंडळाने "इतिहासावर काहीतरी द्या" असा निरोप पाठवला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एखादा किल्ला असणार. पंधराव्या वर्धापनदिनाच्या अंकात मी पन्हाळ्यावर लिहिलं होतं, विसाव्याला राजगडावर. यंदा पोकेमॉनवर लिहितो आहे. ज्येष्ठ सभासदांनी लगेच पान उलटू नये, ही नम्र विनंती. या विषयाचा आपल्या सोसायटीशी संबंध आहे आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीशीही आहे.

जिन्यात बसून मोबाईल-गेम खेळणाऱ्या मुलांना मज्जाव करणारा ठराव 2022 च्या वार्षिक सभेत मीच मांडला होता. तो एकमताने मंजूर झाला. त्यानंतर दोनेक महिन्यांनी नातवाच्या टेबलावर मला एक शंभर पानी वही दिसली. पानापानावर सहा रकाने आणि त्यांत नुसते आकडे. 252, 252, 4. खाली पुन्हा 252, 252, 4. मध्येच 31, मध्येच 0. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला पहिली शंका आली ती सट्ट्याची. आकड्याच्या नादाने धुळीला मिळालेले संसार मी काउंटरच्या आतून पाहिलेले आहेत. मी विचारण्याचीही वाट पाहिली नाही. चार पानं टराटरा फाडली. मुलगा क्लासहून आला तेव्हा तोंडसुख घेतलं ते वेगळंच. तो एवढंच म्हणाला, "आबा, सट्टा नाहीये तो. माझी टीम आहे." आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

नवव्या दिवशी मीच विचारलं, "काय रे, प्रत्येक ओळीची बेरीज 508 च का येते?" त्याने वर न बघता उत्तर दिलं, "लिमिट 510 चं आहे. दोन वाया जातात." आता, दिवसाचा हिशेब दोन रुपयांनी जुळला नाही म्हणून रात्री साडेनऊपर्यंत शाखेत बसलेला मी माणूस. दोन वाया जातात म्हणजे काय? तिथून माझा अभ्यास सुरू झाला. तो असा.

हा खेळ सुचला जपानमधल्या सातोशी ताजिरी या माणसाला. जन्म 1965 चा. तोक्योजवळच्या माचिदा गावात लहानपण गेलं. शेतं, तळी, झाडी, आणि हा पोरगा दिवसभर किडे गोळा करत फिरायचा. शहर वाढत गेलं, तळी बुजली, किडे गेले. (आपल्या सोसायटीच्या मागची विहीर ज्यांना आठवते, त्यांना अधिक सांगायला नको.) पुढे निन्टेंडो कंपनीचं गेम बॉय हे हातात मावणारं यंत्र आलं. दोन यंत्रं एका वायरने जोडता येत. ताजिरीच्या मनात चित्र उभं राहिलं, की त्या वायरीतून किडे या यंत्रातून त्या यंत्रात सरपटत चालले आहेत. त्याच्या गेम फ्रीक या छोट्या कंपनीला खेळ पुरा करायला सहा वर्षं लागली. 27 फेब्रुवारी 1996 ला 'रेड' आणि 'ग्रीन' अशा दोन आवृत्त्या निघाल्या. काही प्राणी एकीतच मिळत, काही दुसरीतच. सगळे हवे असतील तर मित्र जोडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मुलांना एकलकोंडं करणारा खेळ असं मी सभेत छातीठोकपणे म्हटलं होतं. इतिवृत्तात ते वाक्य आहे.

खेळ थोडक्यात असा. पोकेमॉन म्हणजे 'पॉकेट मॉन्स्टर', खिशातले राक्षस. ते पकडायचे, वाढवायचे, त्यांतले सहा निवडून संघ करायचा आणि दुसऱ्याच्या संघाशी लढवायचा. प्रत्येकाला चारच डावपेच शिकवता येतात. प्रत्येकाची एक किंवा दोन जाती. आग गवताला जाळते, गवत पाणी शोषतं, पाणी आग विझवतं. अशा तेव्हा 15 जाती होत्या. समोरच्याच्या जातीवर तुमचा मारा लागू पडला तर दुप्पट इजा, नाही तर निम्मी, कधी शून्य. म्हणजे सर्वांवर भारी असा कुणी नसावा, ही मूळ योजना.

योजना पहिल्याच खेपेस फसली. 'सायकिक' म्हणजे मनोबलाने लढणारी एक जात होती. तिला भुतांचा मारा भारी पडावा असा बेत होता. प्रत्यक्षात प्रोग्राममधल्या चुकीमुळे भुतांच्या माऱ्याचा तिच्यावर काडीचाही परिणाम होईना. उरली किड्यांची जात, पण किड्यांचे डावपेच मुळातच दुबळे. त्यामुळे ज्याच्याकडे तगडे सायकिक, त्याचीच सरशी. 1997 साली जपानमध्ये निन्टेंडो कप ही स्पर्धा झाली, तिचा एक नियम मला फार आवडला. सहा घेऊन यायचे, त्यांतले तीन लढवायचे. प्रत्येकाची पातळी 50 ते 55 आणि तिघांची मिळून बेरीज 155 च्या वर जाता कामा नये. म्हणजे एकाला 55 वर नेलात, की बाकीचे दोघं 50 वरच. सरळ सरळ अंदाजपत्रक! एकाची मंजुरी वाढवली की दुसऱ्याची कापायची. संघ बांधणं म्हणजे सहा पैलवान गोळा करणं नव्हे, हे पहिल्यांदा कागदावर आलं ते इथे, असं माझं मत आहे.

नोव्हेंबर 1999 मध्ये, म्हणजे आपल्या सोसायटीची नोंदणी झाली त्याच वर्षी, 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' निघाले. त्यांत दोन नव्या जाती आल्या, काळोख आणि पोलाद. काळोखावर सायकिक मारा चालतच नाही. मक्तेदारी संपली. बरोबर बाळगायच्या वस्तूही याच वेळी आल्या.

खरी उलथापालथ मात्र नोव्हेंबर 2002 च्या 'रुबी' आणि 'सफायर' या आवृत्त्यांनी केली, आणि माझ्या त्या फाटक्या पानांचं मूळही तिथेच आहे. तेव्हापासून प्रत्येक पोकेमॉनची पत्रिका तीन गोष्टींनी बनते. जन्मगुण: जीव, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव, वेग या सहा खात्यांत प्रत्येकी 0 ते 31. स्वभाव: एकूण 25, त्यांतले बहुतेक एका खात्यात दहा टक्के वाढवतात आणि दुसऱ्यात दहा टक्के घटवतात. आणि तिसरे कष्टगुण, ज्यांना मुलं 'इव्ही' म्हणतात (इलेक्ट्रिक गाडी नव्हे, मीही तेच समजलो होतो). हे मेहनतीने मिळवायचे, एकूण 510 पर्यंत. शंभराव्या पातळीवर दर चार कष्टगुणांमागे प्रत्यक्ष ताकदीत एकाची भर पडते. एका खात्यात मर्यादा होती 255, पण 255 ला चाराने भाग जात नाही, म्हणून शहाणा खेळाडू 252 वर थांबतो. दोन खात्यांत 252, तिसऱ्यात 4. झाले 508. उरलेल्या दोनाने काहीच वाढत नाही. फरक सापडला! खरं सांगतो, त्या रात्री शांत झोप लागली.

याच आवृत्तीत प्रत्येकाला एक अंगभूत खोडही मिळाली. स्लेकिंग नावाचं एक अगडबंब वानर आहे. त्याचे मूळ आकडे दंतकथेतल्या राक्षसांच्या तोडीचे. पण खोड अशी, की एका खेपेला मारतो आणि पुढच्या खेपेला आळसावून बसतो. आमच्या शाखेत असे एक साहेब होते. बुद्धी अफाट, पण सही एक दिवसाआड.

2006 च्या आवृत्तीपासून इंटरनेटवरून परक्या देशातल्या माणसाशी लढता येऊ लागलं. त्याच आवृत्तीत 'ट्रिक रूम' हा डावपेच आला. तो लावला की पाच खेपांपुरती दुनिया उलटी होते, सर्वांत मंद असतो तो आधी चाल करतो. वहीतल्या त्या 0 चा अर्थ हा होता. वेगाचा जन्मगुण मुद्दाम शून्य असलेला शोधून घ्यायचा. मी नातवाला म्हटलं, ही खोली आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याला मिळाली पाहिजे. आठ दिवसांनंतर पोरगा पहिल्यांदा हसला.

2009 पासून या व्हिडिओ-गेमची अधिकृत जागतिक स्पर्धा भरू लागली, पहिली अमेरिकेत सॅन डिएगोला. तिथे दोघांविरुद्ध दोघं असं लढतात. सहा आणायचे, चार निवडायचे, त्यांतले दोन आधी पुढे काढायचे. पुढे 2010 च्या आवृत्तीपासून लढतीआधी समोरच्याचे सहाही दिसू लागले. आता गंमत पाहा. सहांतून चार निवडायचे 15 मार्ग, त्या चारांतून पुढचे दोन निवडायचे 6. म्हणजे 90 शक्यता. आणि विचाराला वेळ मिळतो 90 सेकंद. शक्यतेला एक सेकंद! बुद्धिबळवाल्यांनी नाक मुरडण्याआधी हे एकदा करून पाहावं.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो.

ऑगस्ट 2014, वॉशिंग्टन. त्या वर्षी कंगासखान या पोकेमॉनचा दरारा होता. पोटाच्या पिशवीत पिल्लू घेऊन हिंडणारी ही आई 'मेगा' रूप घेतल्यावर एका चालीत दोनदा मारायची, एकदा स्वतः आणि एकदा पिल्लू. दक्षिण कोरियाच्या पार्क से-जुन या खेळाडूच्या संघात ती नव्हती. होती एक खार. पाचिरिसू तिचं नाव. विजेच्या जातीची, पांढरी-निळी, शेपटीचा झुबका. हल्ल्याचा मूळ आकडा अवघा 45. स्पर्धेत तिला कोणी विचारत नव्हतं.

नातवाने तो सामना मला दोनदा दाखवला. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा त्याने थांबवून थांबवून समजावला. पार्कच्या संघात ग्याराडोस नावाचा उडता जलसर्प आणि टॅलनफ्लेम हा आगीचा ससाणा होता. दोघेही जबर, पण दोघांनाही विजेचं भय. ग्याराडोसला तर चौपट लागते. खारीला मात्र वीज बाधत नाही, उलट विजेचा मारा बसला की तिचा जीव भरून येतो. शिवाय तिच्याकडे 'फॉलो मी' हा डावपेच. तो केला की शत्रूचा रोख साथीदारावरून हटून तिच्यावर येतो. म्हणजे ही चिमुरडी मध्ये उभी राहून सांगणार, मला मारा, आणि मागे तो सर्प निर्धास्तपणे आपलं बळ वाढवत बसणार. मग तिच्या हल्ल्याचा आकडा 45 आहे त्याचं काय? काहीच नाही. तिचा 'सुपर फँग' हा चावा समोरच्याचा उरलेला जीव थेट निम्मा करतो; चावणाऱ्याची ताकद त्यात मोजलीच जात नाही. दुसरा डाव नुसतं नाक घासण्याचा, पण लागला की लकवा ठरलेला. जिथे आपण कमी पडतो त्या खात्यावर एकही व्यवहार ठेवायचा नाही, अशी ही मांडणी. पार्क जगज्जेता झाला.

सेतू बांधताना वाळू वाहणारी खार आपल्या सगळ्यांना आजीने सांगितलेली आहे. मी नातवाला ती गोष्ट पुन्हा सांगितली. तो म्हणाला, "पण आबा, ती तर मदतनीस होती ना? इथे तिच्याशिवाय टीम उभीच राहत नाही." मला यावर उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

एक गोष्ट बँकवाल्यांसाठी. आकडे हाताने वाढवायला वेळ लागतो, म्हणून काही जण बाहेरच्या सॉफ्टवेअरने तयार पोकेमॉन घडवून आणतात. 2023 ची जागतिक स्पर्धा जपानमध्ये योकोहामाला झाली, तिथे कसून तपासणी झाली आणि असे पोकेमॉन सापडलेले काही खेळाडू बाद झाले. काहींचं म्हणणं, आकडे तर नियमातच बसतात, मग बिघडलं कुठे? मी ऑडिटरच्या बाजूने आहे. शिल्लक बरोबर असली तरी व्हाउचर खोटं चालत नाही. नातू दुसऱ्या बाजूला आहे. नोकरी-शाळा सांभाळणाऱ्याने एवढे तास कुठून आणायचे, असं तो विचारतो. तो स्वतः संगणकावर फुकट खेळता येणाऱ्या 'शोडाऊन'वर खेळतो. तिथे आकडे नुसते भरायचे असतात, यंत्र विकत घ्यावं लागत नाही. या मुद्द्यावर आमच्या घरी जेवणं थंड झालेली आहेत.

यंदाच्या वार्षिक सभेत 2022 चा ठराव दुरुस्त करावा, असं मीच सुचवलं. जिन्यात मज्जाव कायम, पण रविवारी दुपारी चार ते सहा सोसायटीचं ऑफिस मुलांना खुलं. तीन मतं विरोधात गेली, तरी मंजूर झालं. पहिल्या रविवारी ए आणि बी विंगची मिळून नऊ मुलं आणि दोन मुली आल्या. गुणफलक मी धरला. नातवाने संघात हौसेने खार घेतली आणि पहिल्याच फेरीत बी विंगच्या सातवीतल्या मुलीकडून हरला.

ती चार पानं मी टाकली नव्हती. टेबलाच्या खणात तुकडे तसेच होते. गेल्या महिन्यात बसून सेलोटेपने जोडली. एक ओळ तेवढी लागेना, म्हणून त्याच्याकडे घेऊन गेलो आणि म्हटलं, हा तिसरा आकडा सांग, म्हणजे पान पुरं होईल. त्याने पान हातात घेतलं, जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आबा, ही टीम आता चालत नाही. नवीन गेम आला, नियम बदलले." आणि तरी पेन काढून त्या जागी 4 लिहिला.